सतरा, बेचाळीस, अठरा

घर पाडणार हे कळल्यावर पेंटरांना वाईट वाटलं नाही, असं नाही. वाटलं, पण जरा उशिरा. त्याआधी त्यांना राग आला, आणि तो घर पाडणाऱ्यांचा नव्हता. घर पाडायचं म्हणून त्यांच्या दाराशेजारी जो नऊचा आकडा काढला होता, त्या नऊचा होता.

नऊ लाल रंगाचा होता. रंगात नको तेवढं पाणी, ब्रशाचे केस विस्कटलेले, आणि काढणाऱ्याचं अर्धं लक्ष बहुधा चहाच्या टपरीकडे. आकड्याची शेपटी ओघळत ओघळत पार पायरीपर्यंत आली होती.

"हा नऊ आहे?" पेंटरांनी मोजणीवाल्याला विचारलं.

"नऊच आहे की."

"मग त्याची मान कुठंय?"

मोजणीवाल्याने नोकरीत पुष्कळ प्रश्न ऐकले होते. घर केव्हा पाडणार, आमचंच का पाडणार, तुझं पाडलं तर तुला कसं वाटेल. नऊच्या मानेची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. त्याने डबा उचलला आणि तो पुढच्या घरी गेला.

पेंटरांचा राग समजून घ्यायचा तर एवढंच ध्यानात ठेवायला हवं, की या माणसाने एक्केचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शहरात कुठेही उभं राहावं आणि मान वळवावी, की समोर पेंटरांचं अक्षर. औषधाचं दुकान त्यांचं, चष्म्याचं दुकान त्यांचं, दातांच्या डॉक्टरची पाटी त्यांची. (त्या पाटीवरचा हसरा दात इतका जिवंत उतरला होता, की लोक दात दुखत नसतानाही आत डोकावत, असं पेंटर सांगतात. डॉक्टर आता हयात नाहीत, तेव्हा आपण मान डोलवावी.) मग छापील फलक आले. संध्याकाळी सांगा, सकाळी लावा. एकेक पाटी उतरत गेली, आणि पेंटर रोज फिरायला जाऊन किती उरल्या ते पाहत गेले. शेवटी एकच उरली होती, टपाल कचेरीच्या भिंतीवरची, 'येथे सायकली लावू नयेत'. तिच्यासमोर नेहमी सायकलींचा ढीग असायचा, त्यामुळे तीही धड दिसत नसे.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या भिंतीवर तो नऊ.

घरं जाणार हे आता ठरलेलं होतं. रस्ता रुंद व्हायचा होता आणि गल्लीतली बेचाळीसच्या बेचाळीस घरं त्या रुंदीत बसत होती. दोन वर्षं गल्लीने अर्ज केले, मोर्चे काढले. मोर्च्याचे फलक अर्थातच पेंटरांनी रंगवले होते. ते इतके देखणे झाले, की वर्तमानपत्रात फलकांचा फोटो छापून आला आणि खाली मागणी काय होती ते द्यायचं राहून गेलं. अखेर तडजोड झाली. घराच्या बदली घर, नव्या इमारतीत, महिन्याभरात. आधी नंबर टाकायचे, मग दुसऱ्या फेरीत नंबरासकट घराचा आणि घरवाल्यांचा फोटो, आणि मग किल्ली.

पेंटरांनी नऊ दोन दिवस सहन केला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून ब्रशांचा डबा काढला.

"सरकारी आकडा आहे तो. हात लावू नका," बायको म्हणाली.

"हात कुठं लावतोय? ब्रश लावतोय."

"चाळीस वर्षं हेच उत्तर ऐकतेय मी."

पेंटरांनी जुना नऊ खरवडला, भिंतीला चुन्याचा हात दिला, वाळू दिलं, दोरीने रेघ मारली आणि लाल रंगात नऊ काढला. त्याला बारीक काळी सावली दिली. मग रस्त्यापलीकडे जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं. नऊ असा उभा होता, की घर पाडायला आलेल्या माणसाने आधी चप्पल काढावी.

पहिल्यांदा तो पाहिला शेजारच्या नर्सबाईंनी. नर्सबाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्या जगाकडे अजूनही वॉर्डात फेरी मारल्यासारख्याच पाहत. त्यांनी आधी पेंटरांचा नऊ पाहिला, मग स्वतःच्या भिंतीवरचा चौतीस पाहिला.

"भाऊ, माझा हा तीन बघा. कमरेत धरलंय त्याला. याचं काहीतरी करा."

केलं. दुपारी दुसऱ्या बाजूचा टेलर आला. टेलर आणि पेंटर एकाच वर्षी गल्लीत राहायला आलेले, त्यामुळे त्यांच्यात अरेतुरे आणि रोजचं भांडण. "माझा सत्तावीस बघ. सात सरळ वहिनींच्या भिंतीवर गेलाय. उद्या त्या भाडं मागतील." तोही झाला. आणि मग गल्लीत वणव्यासारखी बातमी पसरली, की पेंटर नंबर काढून देतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग. माणसांच्या हौसेला तोटा नसतो हे पेंटरांना ठाऊक होतं, पण घर पाडण्याच्या नंबरात कुणी हौस करेल असं त्यांना वाटलं नव्हतं. एकाला सावली निळी हवी होती. एकीला नंबराभोवती वेलबुट्टी हवी होती. इस्त्रीवाल्याचा साडू म्हणाला, आमचा आकडा जरा मोठा काढा, आमचं घर लहान आहे. पेंटर रागावत होते, खेकसत होते, "हा नंबर आहे, लग्नाची पत्रिका नाही," असं म्हणत होते, आणि आतून इतके खूश होते, की दोन दिवस त्यांनी गुडघ्याची तक्रार केली नाही.

खरं सांगायचं, तर त्या दिवसांत त्यांनी गल्ली पहिल्यांदा पाहिली. आयुष्यभर ते सकाळी बाहेर पडत ते दिवे लागल्यावर परत येत. आता एकेका दारासमोर स्टूल टाकून तासतासभर बसायचं, म्हणजे घर दिसतं. नळाच्या कोपऱ्यावर बादल्यांची रांग असायची. ज्याला कामाला जायचं तो बादलीच्या जागी दगड ठेवून जाई, आणि गल्लीत कुणाचा दगड कुणी सरकवला असं एकदाही झालं नव्हतं. सातव्या घराची तिसरी पायरी हलायची. ती सगळ्यांना पाठ होती, म्हणून ती कुणी दुरुस्त केली नाही. भिंती इतक्या पातळ, की एका घरात कुणी शिंकलं तर पलीकडून "सुंठ घे" असा सल्ला यायचा. हे सगळं महिन्याभरात रस्त्यात जाणार होतं. पेंटरांना वाईट वाटलं ते इथे. हातात ब्रश होता म्हणून त्यांनी ते कुणाला दिसू दिलं नाही.

आता मधेच कोर्टवाले आले. कोर्टवाले म्हणजे गल्लीतले एक गृहस्थ, ज्यांनी उमेदीच्या काळात चार वर्षं कोर्टाबाहेर टंकलेखन केलं होतं. तेव्हापासून कुठलाही कागद ते शेवटच्या पानापासून वाचत. गल्लीला नोटीस मिळून सहा महिने झाले होते, पण ती पाचव्या पानापर्यंत फक्त कोर्टवाल्यांनीच वाचली होती.

"पेंटर, नऊ-नऊ काय रंगवताय? नऊ कुठे राहणार माहीत आहे का? दुसऱ्या मजल्यावर."

"मग?"

"आणि नर्सबाईंचा चौतीस पाचव्यावर. पान पाच, कलम तीन. घरं नंबराच्या क्रमाने. एका मजल्यावर आठ. चाळीस झाली की इमारत भरली. उरलेले दोघे नाल्यापलीकडच्या इमारतीत."

ब्रश हवेतच राहिला. ज्याने नंबर टाकले तो मोजणीवाला त्या दिवशी तीनदा चहाला गेला होता, आणि दर वेळी परत येऊन समोर दिसेल त्या घरापासून पुढे सुरू झाला होता. म्हणून एका भिंतीला लागून असलेल्या तीन घरांना सत्तावीस, नऊ आणि चौतीस. अख्खी गल्ली अशीच पिसली होती.

बायकोने आतून सगळं ऐकलं होतं. तिला साखरेचा आजार. बारा वर्षं रोज सकाळी नर्सबाई भिंतीवर टकटक करायच्या आणि येऊन तिला इंजेक्शन द्यायच्या. एकदा नर्सबाई बहिणीकडे गेल्या, तेव्हा दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावलं. बायकोने त्याच्या हातातली सुई पाहिली आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालतच नसे. आणि नर्सबाईंचे गुडघे असे, की स्वतःच्या घरातला उंबरठाही त्या दोन हप्त्यांत ओलांडत.

"लिफ्ट असेल की," पेंटर म्हणाले.

"पान सात," कोर्टवाले म्हणाले. "लिफ्ट यथावकाश."

त्या दिवशी जेवता जेवता पेंटरांनी एक विचार मांडला, आणि तो त्यांना इतका सरळ वाटला, की तो गुन्हा आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते म्हणाले, ज्याने नंबर टाकले त्याचं चुकलंय. चुकलेली पाटी आपण आयुष्यभर दुरुस्त करत आलो. दुकानदाराने 'बंद'च्या जागी 'उघडे' लिहायला सांगितलं असेल तर ते तसंच रंगवायचं का? आपण विचारतो, आणि बरोबर लिहितो. तेव्हा घरं जशी आहेत तसे नंबर.

"त्यांच्या वहीत वेगळे असतील ना पण," बायको म्हणाली.

"वही भिंतीवरून लिहितात. भिंत वहीवरून लिहितात का?"

चार दिवसांत सगळी गल्ली एक ते बेचाळीस अशी सरळ झाली. टेलर सतरा, पेंटर अठरा, नर्सबाई एकोणीस. तिघे तिसऱ्या मजल्यावर ओळीने. शेवटचे दोन नंबर इस्त्रीवाल्याला आणि त्याच्या साडूला गेले, पण त्यांना नाल्यापलीकडेच हवं होतं, कारण दुकान तिकडे. असं काम पुन्हा होणार नाही हे पेंटरांना कळत होतं. त्यांनी हात राखला नाही. एकेका दोनाची मान पाहत राहावी. पाडायच्या भिंतीवर एवढं सुरेख काम कुणी केल्याचं कुठल्याही गल्लीच्या ऐकिवात नसेल.

पुढच्या सोमवारी कारकून कॅमेरा आणि यादी घेऊन आला. पहिल्या घरापाशीच तो थबकला.

"यादीत एक नंबर म्हणजे दोन खोल्या, पत्रा, हिरवं दार. हे दार तर निळं आहे."

"रंग दिला असेल," कोर्टवाले म्हणाले.

"आणि पत्र्याचा स्लॅब झाला?"

"प्रगती आहे."

कारकून पाचव्या घरापर्यंत गेला आणि कॅमेरा पिशवीत घालून परत निघाला. जाताना एवढंच म्हणाला, की उद्या साहेब येतील, आणि ज्याने ही खाडाखोड केली त्याचं घर यादीतून जाईल.

आता मात्र गल्लीत धावपळ झाली. यादीतून गेलं म्हणजे जुनं घर रस्त्यात आणि नवं घर नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं, की पेंटरांचं नाव कुणी घ्यायचं नाही. पेंटरांच्या दारावर 'पेंटर' अशी पाटी होती, ती काढली. ब्रशांचा डबा नर्सबाईंच्या पलंगाखाली गेला. कोर्टवाल्यांनी फर्मान काढलं, की साहेब जाईपर्यंत पेंटरांना कुणी पेंटर म्हणायचं नाही. टेलर ते ऐकून म्हणाला, "बरं बरं, पेंटर, आजपासून नाही म्हणणार."

साहेब आले. तरुण होते, चष्मा होता, आणि रागापेक्षा दमणूक जास्त होती. त्यांनी आधी सगळी गल्ली पायी पाहिली. प्रत्येक नंबरापाशी क्षणभर थांबले. मग गल्लीच्या मध्यावर खुर्ची टाकून बसले आणि विचारलं, "कुणी केलं हे?"

सगळे आकाशाकडे पाहू लागले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांनी कारकुनाला रंगाचा डबा, ब्रश आणि एक जुनं प्लायवूड आणायला सांगितलं. "प्रत्येक घरातल्या एकाने इथे पंचवीस लिहायचा. अक्षर लपत नाही."

साहेब हुशार होते, यात वाद नाही. बेचाळीस माणसं रांगेत उभी राहिली. कुणाचा पंचवीस आडवा झाला, कुणाचा उलटा. कोर्टवाल्यांनी पंचवीस लिहून खाली सही केली. बायको पेंटरांच्या मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "वाईट काढा हं."

"मला येत नाही वाईट."

"आयुष्यात एकदा माझं ऐका."

पेंटरांनी ब्रश डाव्या हातात, मुठीत धरला. डोळे मिटले. हात नको त्या दिशेला रेटला. प्लायवूडवर जे उतरलं ते पाहून कारकुनाने विचारलं, "आजोबा, बरं वाटत नाही का?" पेंटरांना ते खरोखरच बरं वाटत नव्हतं. ते जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. बायकोने निःश्वास सोडला.

साहेबांनी प्लायवूड उन्हात धरलं. वरून खाली नजर फिरवली आणि एका पंचवीसवर बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

तो टेलरचा होता. टेलरने जन्मभर कापडावर खडूने वळणं काढली होती, त्यामुळे त्याच्या दोनाला जरा वळण होतं.

"हेच ते. हाच तो हात. तुमचं घर यादीतून रद्द."

टेलर उभ्या उभ्या पांढरा पडला. त्याने पेंटरांकडे पाहिलंही नाही. नर्सबाई काहीतरी बोलायला पुढे झाल्या, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"साहेब, याला पंचवीस म्हणता तुम्ही?"

पेंटर पुढे आले होते. बायकोने शर्ट धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला.

"दोनाची पाठ बरी आहे, मान्य. पण पाचाला पोट कुठंय? आणि दोघांमधलं अंतर पाहा, भांडण झाल्यासारखे उभे आहेत. भिंतीवरचे आकडे या माणसाने काढले म्हणता? याला बाही धड बसवता येत नाही."

"तुम्हाला काय कळतं यातलं?" साहेब म्हणाले.

हा प्रश्न साहेबांनी विचारायला नको होता. पेंटरांनी कारकुनाच्या हातातून ब्रश घेतला, दोन बोटांनी केस पिळून सरळ केले आणि प्लायवूडच्या मोकळ्या कोपऱ्यात उभ्या उभ्या पंचवीस काढला. रेघ न आखता.

पेंटर हे टेलरला वाचवायला पुढे झाले की आपलं काम टेलरच्या नावावर जातंय म्हणून, यावर आजही दोन मतं आहेत. पेंटर पहिलं सांगतात, बायको दुसरं. टेलर म्हणतो, मला काही फरक पडत नाही.

साहेबांनी तो पंचवीस भिंतीवरच्या पंचवीसशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "का केलंत असं?"

"मी काही बदललं नाही साहेब. घरं जिथं होती तिथंच आहेत. हा माझ्या भिंतीला लागून राहतो, त्या बाई या भिंतीला लागून. चाळीस वर्षं असेच आहोत. तुमच्या माणसाने चहा पिता पिता आम्हाला पाच मजल्यांवर फेकलं. मी फक्त सरळ लिहिलं."

साहेबांनी चष्मा पुसला. कारकून कानाशी लागला. बेचाळीस भिंती पुन्हा रंगवायच्या तर रंगाची मागणी वर पाठवावी लागेल, ती मंजूर व्हायला पुढचं वर्ष. वही मात्र अजून वर गेलेली नाही, ती इथेच बदलता येईल. साहेबांनी मान हलवली. मग उभे राहून त्यांनी निर्णय दिला, आणि तो देताना पेंटरांकडे पाहायचं टाळलं.

भिंतीवरचा क्रम राहील. वही त्याप्रमाणे होईल. पण सरकारी आकडा खरवडला, ही गोष्ट कारकुनासकट सगळ्यांनी पाहिली आहे; तिला काहीच शिक्षा नाही असं करता येणार नाही. यादीतून काढत नाही. मात्र यांचं घर यादीच्या शेवटी जाईल. बेचाळीस. यांच्या पुढचे सगळे एकेकाने वर सरकतील.

बेचाळीस म्हणजे नाल्यापलीकडे.

टेलर लगेच म्हणाला, "साहेब, मला घाला शेवटी. मी एकटा आहे, कुठेही राहीन." साहेब म्हणाले, अदलाबदल नाही, आणि त्यांनी शाईने तसं लिहूनही टाकलं. बाकीच्यांना आनंद करावा की नाही ते कळेना. नळाच्या रांगेतली माणसं नव्या जिन्यावरही तशीच राहणार होती. एकटा इस्त्रीवाला मनाविरुद्ध इमारतीत आला होता, बाकी सगळ्यांचं साधलं होतं, आणि ज्याने साधून दिलं तो तेवढा वजा. आभार मानायला एकेक जण आले आणि काही न बोलता पेंटरांच्या दारात उभे राहून परत गेले.

नंबर पुन्हा पेंटरांनाच बदलायचे होते. दुसरं आहे कोण? एकोणीसपासून शेवटपर्यंत चोवीस भिंती. त्यांनी सुरुवात शेवटापासून केली. घरं एकेकाने वर सरकत आली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी नर्सबाईंच्या भिंतीवरचा एकोणीस खरवडून तिथे अठरा काढला. आता टेलर सतरा आणि नर्सबाई अठरा. मधे त्यांचं घर होतं, पण आकडे वाचले तर तिथे घर असायचं काही कारण नव्हतं.

नर्सबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "भाऊ, संध्याकाळी या. सुई शिकवते तुम्हाला."

"मला? मला जमायचं नाही."

"का जमायचं नाही? ब्रश धरता तशीच धरायची. आणि तुमच्याइतका स्थिर हात मी ऑपरेशन थिएटरातसुद्धा पाहिला नाही."

संध्याकाळी नर्सबाईंनी एका उशीत सुई टोचून दाखवली. पेंटरांनी ती उशी सतरा वेळा टोचली. अठराव्या वेळी बायकोने स्वतःचा दंड पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. झाल्यावर म्हणाली, "लागलं नाही." नर्सबाई उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

शेवटची भिंत स्वतःची. सकाळी नऊला कारकून फोटो काढायला येणार होता, म्हणून पेंटर सातलाच स्टुलावर चढले. टेलर डबा धरून उभा होता आणि आज त्याने एकही सूचना केली नाही. पेंटरांनी अठरा खरवडला, चुन्याचा हात दिला, वाळेपर्यंत तिथेच बसून राहिले. दोरी लावली. ब्रश भरला. बेचाळीसमधला पहिला आकडा काढला, दुसरा काढला, खाली उतरले आणि रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं.

आकडा वाकडा झाला होता. थोडा नाही, चांगलाच. एक खाली, एक वर, आणि शेपटीचा रंग ओघळत पायरीकडे निघाला होता. ब्रश तोच होता, रंग तोच. डोळे मिटून, डाव्या मुठीत ब्रश धरून जे जमवावं लागलं होतं, ते उजव्या हाताने आपोआप झालं होतं. पेंटरांनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो त्यांना कुणा दुसऱ्याचा वाटला.

"पुन्हा काढतो," ते म्हणाले. पण ते जागचे हलले नाहीत.

बायको बाहेर आली. तिने आकड्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत तिने त्यांच्या प्रत्येक पाटीत काही ना काही खोट काढली होती.

"छान झालाय," ती म्हणाली.

नऊला कारकून आला. टेलरचा फोटो झाला, नर्सबाईंचा झाला. मग त्याने कॅमेरा या दाराकडे वळवला. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला अगदी पाठ लावून उभे होते. शेजारी बायको, तीही तशीच चिकटून.

"आजोबा, जरा बाजूला व्हा. नंबर दिसत नाहीये."

पेंटर ऐकू न आल्यासारखे समोर पाहत राहिले.

"आजोबा, फोटोत नंबर आला नाही तर घर मिळणार नाही. या भिंतीपासून बाजूला व्हा."

गल्ली सगळी दारात उभी होती. बायकोने त्यांचा हात धरला, आणि ती दोघं बाजूला झाली.